यादी सोबत जोडली आहे

"बाई, पाणी पिऊ?"

भिंगरीनं विचारलं तेव्हा तिची आई पुस्तकातल्या पुढच्या वाक्यावर बोट ठेवून होती. शब्द कानावर पडले, पण ते आपल्यासाठी आहेत असं तिला वाटलंच नाही. बाई म्हणजे दुसरी कोणीतरी. मग तिनं मान वर केली. ज्या टेबलावर ही मुलगी रांगायच्या वयात चढून बसली होती आणि उतरता येईना म्हणून तिनं भोकाड पसरलं होतं, त्याच स्वयंपाकघरातल्या टेबलापाशी आठ वर्षांची भिंगरी ताठ उभी होती. उजव्या हाताचं एक बोट वर, डावा हात पाठीमागे. पाण्याची बाटली तिच्यापासून हातभर अंतरावर होती. आपण काय बोललो हे भिंगरीच्या लक्षातही आलं नव्हतं. टेबलाच्या पलीकडून सहा वर्षांची धाकटी खिदळली, "आईला बाई म्हणाली! आईला बाई म्हणाली!" तेव्हा कुठे भिंगरीच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या, बोट खाली आलं आणि ती म्हणाली, "नको. तहान नाहीये मला."

एवढंच झालं. पण जिना उतरताना आणखी एक पायरी आहे असं समजून पाऊल टाकावं आणि खाली जमीनच लागावी, तसा तिच्या अंगाला हिसका बसला. तिनं पुन्हा पुस्तकाकडे पाहिलं. ‘संपूर्ण गृहशाळा संच, इयत्ता तिसरी’ या खोक्यातलं ते पहिलं पुस्तक. खोकं इतकं जड की तिनं आणि नवऱ्यानं मिळून ते वर चढवलं होतं. आत एकशे ऐंशी दिवसांचे एकशे ऐंशी पाठ, प्रत्येक पाठाला मिनिटं नेमून दिलेली, आणि ज्या आईबापांना शिकवायची सवय नाही त्यांच्यासाठी प्रत्येक वाक्य आयतं लिहून दिलेलं. ठळक अक्षरांत: शिक्षकांनी म्हणावे. त्याखाली बारीक अक्षरांत: मुले म्हणतील. शिक्षकांनी म्हणावे, मुलांनो, आज आपण एक गंमत पाहणार आहोत. मुले म्हणतील, हो! गेले नऊ दिवस ती हे म्हणत होती. धाकटी "हो" म्हणायची, भिंगरी नुसते ओठ हलवायची. आणि नऊ दिवसांत आपला आवाज बदलला आहे हे तिला आज, आत्ता कळत होतं. वाक्याच्या शेवटी किंचित वर जाणारा, उत्तर आधीच ठाऊक असलेला आवाज. तो तिचा नव्हता. तो खोक्यातून आला होता, आणि मुलीनं तो बरोब्बर ओळखला होता. मुलगी चुकली नव्हती. समोर जी बसली होती तिला तिनं तिच्या नावानं हाक मारली होती.

तिनं पुस्तक मिटलं. "झालं आजचं."

भिंगरीनं भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. "अजून सव्वीस मिनिटं आहेत," ती हळूच म्हणाली. त्या सांगण्यात तक्रार नव्हती. एखाद्या कैद्यानं पहारेकऱ्याला दाराला कडी लावायची राहिली म्हणून सांगावं, तसं ते होतं.

शाळा सोडून तीन आठवडे झाले होते. मुलांना घरी शिकवायला कायद्यानं बंदी नव्हती, पण परवानगी लागायची. शिक्षण कार्यालयाच्या अर्जात सहा रकाने होते. पाचवा: निवडलेला अभ्यासक्रम व साहित्य, यादी सोबत जोडावी. सहावा: देखरेख करणारा प्रशिक्षित शिक्षक, असल्यास. सोमवारी अकरा वाजता अधिकाऱ्यांसमोर मुलांना घेऊन हजर राहायचं होतं, आणि आज मंगळवार होता. पाचव्या रकान्यात तिनं पेन्सिलीनं खोक्याचं नाव लिहूनही ठेवलं होतं, कारण खोकं मान्यताप्राप्त होतं; खोक्याला कोणी नाही म्हणत नाही. यादी नामंजूर झाली तर पंधरा दिवसांत भिंगरी त्याच शाळेत, त्याच वर्गात परत. त्या वर्गाच्या भिंतीवर आगगाडी होती. रंगीत कागदाची, सुबक, बाईंनी जीव ओतून केलेली. प्रत्येक डब्यात मुलांची नावं, आणि डबा ठरायचा तो एका मिनिटात किती शब्द वाचले यावरून. बाईंच्या हातात घड्याळ असायचं. भिंगरी शेवटच्या डब्यात होती, एकेचाळीस शब्दांवर. "खेळीमेळीनं घेतो आम्ही," बाई म्हणाल्या होत्या, "मुलांना उलट जोर चढतो." भिंगरीला जोर चढला नव्हता. ती घरी आखूड बोलायला लागली होती. आधी वाक्यं गेली, मग शब्दही निम्मे झाले. जणू तेही कोणी मोजतंय. आणि कॉलर. कपडे धुवायला टाकताना तिच्या हाताला रोज शाळेच्या शर्टाची ओली कॉलर लागायची, चावून चावून सुतं निघालेली, थंड. पहिल्या आठवड्यात ती रागावली होती, दुसऱ्या आठवड्यात नवीन शर्ट आणला होता. तिसऱ्या आठवड्यात एका सकाळी तिनं ती कॉलर नाकाशी नेली, तिचा आंबूस वास घेतला, आणि त्याच दिवशी शाळेत जाऊन नाव काढून आली.

आता तेच खोक्यातून घरात आलं होतं, आणि ते तिनं स्वतः जिना चढून आणलं होतं.

दुपारी दोनला नवरा रुग्णालयातली सकाळपाळी संपवून यायचा आणि मग ती कामावर निघायची. नवरा क्ष-किरण विभागात तंत्रज्ञ होता, लोकांच्या हाडांचे फोटो काढायचा. ती फ्रेमच्या दुकानात काचा कापायची, चित्राभोवती लावायचा माउंटचा पुठ्ठा कापायची, लाकडी पट्ट्यांचे कोपरे जुळवायची. पंचेचाळीस अंश अर्ध्या अंशानं चुकले तरी कोपऱ्यात फट राहते आणि ती फट मग आयुष्यभर भिंतीवरून बघत बसते. दुकानात सगळ्यात जास्त यायची ती प्रमाणपत्रं. त्या दुपारी एक साठीचा माणूस आला, प्लंबर असल्याचं त्यानं आपणहून सांगितलं, आणि कागदाच्या सुरळीतून त्यानं चौथीतलं प्रमाणपत्र काढलं: सुंदर हस्ताक्षर, तिसरा क्रमांक. "त्यानंतर कधी नंबर आला नाही," तो हसत म्हणाला, "पण हा आला होता." काच बसवताना तिला त्याचा राग आला, मग रागाची लाज वाटली. चाळीस वर्षं हा माणूस पाणी घरोघर पोचवतोय, गळती नुसती कानानं ओळखतोय, आणि भिंतीवर लावायला त्याच्याकडे काय आहे, तर कुणा मास्तरानं दिलेला तिसरा क्रमांक. काचेखाली कागद सपाट झाला. तिच्या स्वतःच्या घरात तिचं एकही प्रमाणपत्र नव्हतं. मिळालेली तिनं लग्नाआधीच फाडली होती; कोणाच्या शाळेत मिळाली होती ते आठवून.

बुधवारी कामावर जाताना ती पुस्तकांच्या डेपोत गेली. गळ्यात ओळखपत्र अडकवलेला, उत्साही, तिच्याहून दहा वर्षांनी लहान विक्रेता पुढे आला.

"कितवी, ताई?"

"आठ वर्षांची आहे."

"कितवी म्हणतोय मी."

"ते ठरायचंय."

चपलेचा नंबर विचारल्यावर कोणी रंग सांगावा तसं त्यानं तिच्याकडे पाहिलं, पण माघार घेतली नाही. त्यानं संच मांडले. एकात प्रत्येक पानाला सोनेरी तारा होता, पान पूर्ण झालं की चिकटवायचा. "ह्यात आईला डोकं लावावंच लागत नाही," तो म्हणाला.

"मग आईनं काय लावायचं?"

"स्टिकर," तो म्हणाला, आणि आपण विनोद केला हे त्याला नंतर कळलं.

दुसरा संच करडा, कडक, पाढे आणि शुद्धलेखन, पान पान भरून एकच ओळ. तिसऱ्यात पुस्तकच नव्हतं, एक पडदा होता आणि पडद्यावर एक कोल्हा. "उत्तर बरोबर आलं की टाळ्या वाजवतो. चुकलं की रडतो."

"रडतो?"

"हो ना. मुलांना दया येते. मग बरोबर देतात."

ती पुस्तकं उघडून बोटांनी पानं चाचपत होती, धंद्याची सवय. पातळ कागद, मागच्या पानावरची उत्तरं पुढच्या पानातून दिसताहेत. गुळगुळीत कागद, ज्यावर पेन्सिल उमटतच नाही. रंग, रंग, रंग. ती बघत गेली तशी तिला घुसमट व्हायला लागली. दुकानात हवा होती, पंखे होते, तरीही. ही सगळी पुस्तकं मुलाकडे बघतच नव्हती. मुलाच्या डोक्यावरून त्याच्यामागे उभ्या असलेल्या कोणाकडे तरी बघून ती बोलत होती: पाहा, झालं की नाही वेळेत? ती निघणार तेवढ्यात खालच्या फळीवर एक बारकं, करड्या पुठ्ठ्याचं गणिताचं पुस्तक दिसलं. "ते चालत नाही, ताई," विक्रेता म्हणाला. "चित्रं नाहीत." एका पानावर तीनच गणितं आणि बाकी सगळी कोरी जागा, जाड, पेन्सिल धरणाऱ्या कागदाची. पहिलंच गणित: एका वेळी एक किंवा दोन पायऱ्या चढत पाच पायऱ्या किती प्रकारांनी चढता येतील? ती फळीपाशीच उकिडवी बसली. एक एक एक एक एक. दोन एक एक एक. तिनं बोटांवर मोजलं, सात आले. मग काहीतरी निसटलंय असं वाटलं, पुन्हा मोजलं, आठ. आठ! तिनं वर पाहिलं तर विक्रेता दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे गेलेला, पायाला मुंग्या आलेल्या, आणि चौतीस वर्षांच्या तिच्या तोंडात लहानपणी कधी न आलेली एक चव. हे कोणी मोजत नव्हतं. हे कोणाला दाखवायचं नव्हतं. तिनं ते पुस्तक घेतलं, फक्त तेवढंच.

आणि बसमध्ये बसल्यावर ते वर आलं. नेहमी असंच येतं, खालून, पायांकडून. तिसरीचा वर्ग, दुपार, फळ्यावर भागाकार. तिचे वडील त्या शाळेचे मुख्याध्यापक होते आणि तिसरीला गणित स्वतः शिकवायचे. घरी बाबा, शाळेत सर. उंबरठ्यावर शब्द बदलायचा असा घरचा नियम, आणि ती तो पाळायची, पण त्या दिवशी तिचं सगळं लक्ष फळ्यावरच्या त्या आकड्यात होतं. वरचा आकडा सरळ खाली उतरला होता, शिडी नसताना, कारण नसताना. तिनं विचारलं, "बाबा, तो आकडा खाली का आणला?" वर्ग हसला. वडिलांच्या हातातला खडू थांबला. "इथं कोणी कोणाचा बाबा नाही," ते म्हणाले, शांतपणे, आवाज न चढवता. "बाहेर उभी राहा." बाहेरची भिंत फिक्या हिरव्या रंगाची होती आणि पाठीला गार लागायची. आत भागाकार पुढे चालला होता, बत्तीस मुलं एका सुरात आकडे म्हणत होती, आणि तिला वाटलं की आता तो आकडा का उतरला हे सगळ्यांना कळलं, मला सोडून. संध्याकाळी घरी वडिलांनी तिच्यासाठी संत्रं सोललं. एकेका फोडीची पांढरी दोरी काढली, फोडी बशीत गोल लावल्या आणि बशी तिच्यापुढे सरकवली. पोरीला इतरांपेक्षा जास्त धाकात ठेवलं, नाहीतर लोक बोलले असते, हे ते पुढे अभिमानानं सांगायचे. ती पुढे कुठेच नापास झाली नाही. फक्त "समजलं नाही" हे दोन शब्द तिच्या तोंडातून पुन्हा कधी निघाले नाहीत, कोणत्याच वर्गात, कोणाही समोर.

गुरुवारी वडील आले. तसे ते दर गुरुवारी यायचेच, नदीपलीकडून, दोन बस बदलून, इस्त्रीचा शर्ट, खिशाला पेन. आज हातात पिशवी होती. त्यांनी तिच्याशी शाळेबद्दल तीन आठवडे एक शब्द काढला नव्हता. ती गप्प बसण्याची पद्धत तिच्या ओळखीची होती. आता त्यांनी टेबलावर एक मोठा कागद उलगडला. वेळापत्रक. तीन रंगांच्या शाईत, पट्टीनं आखलेलं, सकाळी आठपासून. कोपऱ्यात दोघी नातींची नावं, रेखीव अक्षरांत. हे त्यांनी कित्येक दिवस बसून केलं असणार, थरथरत्या हातानं, रेघ चुकली की कागद बदलून. तिनं त्या नावांवरून बोट फिरवलं आणि त्याच वेळी पाठीला ती भिंत गार लागली.

"खोक्याबिक्याच्या नादी लागू नकोस," ते म्हणाले. "मी आहे ना. चाळीस वर्षं मुलं घडवलीत. रोज येईन."

"बाबा, वेळापत्रक नकोय मला."

"मग काय हवंय? मोकळं रान? मोठी आठ वर्षांची झाली आणि अडखळत वाचते. भागाकार येतो का तिला?"

"नाही येत."

"आण वही."

त्यांनी स्वतःच भागाकार मांडला. भिंगरी दाराशी येऊन उभी राहिली, आत आली नाही. वडिलांचं पेन सराईतपणे उतरत गेलं, भाग लाव, गुण, वजा कर, वरचा आकडा खाली घे. आणि तिच्या तोंडून ते निघालं. ठरवून नाही, पण एकदा निघाल्यावर तिनं ते मागेही घेतलं नाही.

"का घेतात खाली?"

"का म्हणजे? पद्धत आहे ती."

"पद्धत येते मला. का घेतात ते समजलं नाही."

त्यांनी पुन्हा सांगितलं, जरा मोठ्यानं. मग पुन्हा, अजून मोठ्यानं, तीच वाक्यं. मग ते थांबले. पेन आकड्यावर टेकलेलं, तिथं शाईचा ठिपका मोठा होत गेला. चौकटीपाशी भिंगरी श्वास धरून उभी. वडिलांच्या चेहऱ्यावर तिनं कधी न पाहिलेलं काहीतरी आलं, घरातल्याच खोलीत दिवा गेल्यावर माणूस हात पुढे करून चाचपडतो, तसं.

"मला हे कोणी कधी विचारलंच नाही," ते म्हणाले.

"मी विचारलं होतं. तिसरीत."

"तू? कधी?"

त्यांना आठवत नव्हतं. ते लपवत नव्हते, खरंच आठवत नव्हतं. जी दुपार तिनं सव्वीस वर्षं पाठीवर वागवली, ती त्यांच्या चाळीस वर्षांत कुठे सांडली हे त्यांना ठाऊकही नव्हतं. तिला वाटलं होतं, कधीतरी हा क्षण येईल आणि आपण खूप काही बोलू. पण समोर एक म्हातारा माणूस एका आकड्याकडे बघत बसला होता. ती एवढंच म्हणाली, "जाऊ दे. पण भिंगरी विचारेल तेव्हा तिला कोणी बाहेर उभं करणार नाही. एवढं मी बघणार आहे."

ते उठले, पिशवीची घडी केली, कागद मात्र टेबलावरच राहू दिला. दाराशी चपला घालताना पाठमोरे म्हणाले, "सहाव्या रकान्यात माझं नाव घाल. एवढं तरी कर. माझी सही असली की कोणी काही विचारणार नाही."

रात्रीचं जेवण व्हायच्या आधी नवरा भांडी पुसता पुसता म्हणाला, "एक विचारू? चिडू नकोस. तू भिंगरीला शाळेतून काढलंस, की स्वतःला?"

ती चिडली. मग चिडून काय उपयोग, असं वाटलं, कारण हाच प्रश्न ती तीन आठवडे घरभर टाळत फिरत होती. एका खोलीत तो दिसला की दुसऱ्या खोलीत जायची. मुलीच्या खांद्यावर आपली जुनी दुपार ठेवतोय का आपण? उद्या भिंगरी मोठी होऊन म्हणेल, तुझ्या हट्टापायी माझी शाळा गेली. म्हणेलही. पण ओली कॉलर तर तिच्या आठवणीतली नव्हती. ती भिंगरीची होती, खरी, सुतं निघालेली. दुखणं एकाच्या अंगात असलं म्हणून दुसऱ्याचं खोटं ठरत नाही.

"दोघींना," ती म्हणाली.

नवऱ्यानं ताट पुसून रचून ठेवलं. "बरं," तो म्हणाला. "मग दोघींपुरतं साहित्य आण. मला काय, मला हाडं कळतात. हाड जुळायचं असलं की आपण फक्त हलू द्यायचं नसतं; जुळतं ते त्याचं तेच."

"हे मुलांना लागू आहे का?"

"काय माहीत. पण ऐकायला बरं वाटलं ना?"

शनिवारी सकाळी तिनं खोकं बंद करून चिकटपट्टी लावली, पाचव्या रकान्यातली पेन्सिल खोडली आणि यादी करायला बसली. आधी मुलींना विचारलं. धाकटीनं "साप" असं सांगितलं आणि ती त्यावर ठाम राहिली, म्हणून ग्रंथालयातलं सापांचं पुस्तक यादीत आलं. भिंगरीनं आधी पेन्सिलीला टोक केलं. मग म्हणाली, "रेघा नसलेली वही." "का गं?" "रेघेवर अक्षर बसलं नाही की सगळ्यांना दिसतं." तिनं लिहिलं: कोऱ्या वह्या, रेघा नसलेल्या, सहा. मग ती लिहितच गेली. गणिताचं ते करडं पुस्तक. पाच मीटरची मोजपट्टी. वजनकाटा. शहराचा नकाशा, बसमार्गांसह. शब्दकोश, जाड, मोठ्यांचा. भिंग. कापायला वाया गेलेला माउंटचा पुठ्ठा, दुकानातून, आठवड्याला एक गठ्ठा. गोष्टींची पुस्तकं, ग्रंथालयातून, मुलींनी स्वतः निवडलेली, अर्धवट सोडायची मुभा असलेली. हे शेवटचं वाक्य लिहून तिनं खोडलं, आणि मग पुन्हा लिहिलं. भीती वाटत होतीच. सहा रकान्यांच्या कार्यालयीन अर्जाला हे भिंगाचं आणि सापाचं शेपूट जोडताना तिनं टाचणी एकदा काढून पुन्हा लावली. सहावा रकाना कोरा होता. वडिलांचं वेळापत्रक टेबलाच्या कडेला तसंच उलगडलेलं. एक नाव लिहायचं, एका इस्त्रीच्या शर्टातल्या माणसाचं, आणि सगळं सोपं. पेन तिनं दोनदा त्या रकान्यापर्यंत नेलं.

सोमवारी वडील कार्यालयाबाहेरच्या बाकावर आधीच येऊन बसले होते. तिनं बोलावलं नव्हतं. "मी बाहेरच आहे," ते म्हणाले, आणि खिशातलं पेन चाचपून पाहिलं.

अधिकारी बाई पन्नाशीच्या, सर्दीनं बेजार, चष्मा साखळीला अडकवलेला. वाईट नव्हत्या. त्यांच्यापुढे अर्जांचा ढीग होता आणि त्यांना तो संपवायचा होता. त्यांनी यादी वाचली, मागचं पान उलटून पाहिलं, पुन्हा पुढचं वाचलं.

"वजनकाटा. मोजपट्टी. पुठ्ठ्याचा गठ्ठा." त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "हा अभ्यासक्रम आहे की घर बदलायचं सामान?"

"अभ्यासक्रमच आहे."

"इयत्ता लिहिलेली नाही."

"आठ वर्षं आणि सहा वर्षं, असं लिहिलंय."

"मान्यताप्राप्त संच मिळतात बाजारात. तेवढं नाव घातलंत तर मी आत्ता शिक्का मारते."

"तो होता माझ्याकडे. नऊ दिवस वापरला. माझी मुलगी मला बाई म्हणाली."

अधिकारी बाई शिंकल्या. रुमालामागे त्यांचा चेहरा क्षणभर हसल्यासारखा वाटला, पण ती शिंकही असेल. त्यांनी भिंगरीकडे पाहिलं, एक पुस्तिका पुढे सरकवली, मनगटावरचं घड्याळ काढून टेबलावर ठेवलं. "ये बाळ. एवढा उतारा वाचून दाखव. घाबरायचं नाही, फक्त एक मिनिट."

भिंगरीचा हात कॉलरकडे निघाला. तो अर्धा रस्ताही गेला नव्हता तोच आईनं पुस्तिका मिटली. आपला हात एवढा शांत कसा, याचं तिलाच नवल वाटलं. काच कापताना असतो तसा होता, जोर नाही, थरथर नाही, एकच सरळ रेघ. "घड्याळ लावून नाही," ती म्हणाली. "घड्याळामुळेच आम्ही इथं आलोय."

"मग मी तपासायचं कसं?"

"घरी या. बसा. दिवसभर बसा, जेवा आमच्याबरोबर. तिला काय येतं, काय येत नाही, दोन्ही दिसेल. काही लपवायचं नाहीये मला."

"असा रकाना नाही आमच्याकडे." मग थकलेल्या आवाजात, जवळजवळ विनवणीनं, "अहो, तुमचे वडील बाहेर बसलेत ना? निवृत्त मुख्याध्यापक. शिपायानं सांगितलं मला. सहाव्यात त्यांची सही घ्या. प्रशिक्षित शिक्षक असले की बाकी यादीत काय आहे ते मी बघतही नाही. कशाला अडून बसताय?"

खोलीत पंखा फिरत होता. धाकटी खुर्चीखाली काहीतरी शोधत होती. दाराच्या काचेतून वडिलांच्या खांद्याचा तुकडा दिसत होता, ताठ, वाट बघणारा. त्यांचं पेन तयार होतं. तिच्या मनात आलं, ते आत येतील, झोकदार सही करतील, आणि मग दर गुरुवारऐवजी रोज येतील. आणि एखाद्या दिवशी भिंगरी काहीतरी विचारेल, आणि आपण स्वयंपाकघरातून मध्ये पडणार नाही, कारण सही त्यांची असेल.

"नको," ती म्हणाली. "शिकवणार मी आहे. चुकले तर मीच चुकेन. सही माझी आहे खाली, ती पुरे."

अधिकारी बाईंनी शेवटचा प्रयत्न केला, थेट भिंगरीशी. "काय गं, काय शिकवते आई घरी? सांग बरं."

भिंगरी उभी होती. हात दोन्ही बाजूंना, बोट वर नाही. तिनं बाईंकडे पाहिलं, आईकडे पाहिलं नाही. "मला आत्ता नाही सांगायचं," ती म्हणाली. स्पष्ट, पूर्ण वाक्य, महिनाभरात बाहेरच्या माणसाशी बोललेलं पहिलं.

"बघा," अधिकारी बाई म्हणाल्या.

"बघितलं," ती म्हणाली, आणि अभिमान लपवायचं तिला सुचलंच नाही.

बाईंनी लेखणी उचलली. सहाव्या रकान्यात त्यांनी स्वतःच एक आडवी रेघ मारली. पाचव्यात लिहिलं: यादी सोबत जोडली आहे. खाली शेरा: एका सत्रापुरती परवानगी; पूर्वसूचनेविना गृहभेट. शिक्का मारताना त्या म्हणाल्या, "मी खरंच येईन हं. आणि नीट चाललेलं दिसलं नाही तर मुलगी परत वर्गात, तेव्हा वाद घालायचा नाही."

"या की," ती म्हणाली. "वाद मात्र घालीन."

बाहेर आल्यावर तिनं शेरा पुन्हा वाचला. एका सत्रापुरती. पाच महिने. दारावरची प्रत्येक थाप आता ऐकावी लागणार होती. वडील उठून उभे राहिले. त्यांनी तिच्या हातातल्या कागदाकडे पाहिलं, मग तिच्या तोंडाकडे.

"झालीस पास?"

"परीक्षा दिलीच नाही, बाबा."

त्यांनी कागद मागून घेतला, लांब धरून वाचला. सहाव्या रकान्यातल्या आडव्या रेघेवर त्यांची नजर थांबली, थोडी जास्तच वेळ. मग त्यांनी कागद नीट घडी घालून परत दिला. चौघं आवारात आली. तिथं वाहनांसाठी पत्र्याची लांबलचक रिकामी शेड होती, आणि धाकटीला शोध लागला की तिच्यात ओरडलं की आवाज परत येतो. तिनं एक आरोळी ठोकली. शेडनं ती परत केली. मग भिंगरी शेडच्या दुसऱ्या टोकाला धावली आणि तिनं ठोकली, पहिली जरा दबकी, दुसरी पोटातून, इतकी की छपरावरची कबुतरं उडाली. वरच्या खिडकीतून एका कारकुनानं डोकं बाहेर काढलं. "ओ, हे कार्यालय आहे! मुलांना आवरा जरा!"

तिनं वर पाहिलं आणि तशीच उभी राहिली. तिनं आवरलं नाही. शेजारी वडिलांचा हात सवयीनं वर गेला, चाळीस वर्षांच्या सवयीनं, आणि बोट ओठांपाशी पोचलं. ती त्यांच्याकडे बघत होती. ती बघतेय हे त्यांनी पाहिलं. बोट ओठांपाशी थबकलं, मग जरा वर सरकलं, नाकाचा शेंडा खाजवून झाला, आणि हात सावकाश खाली आला.